भागीरथी घर सोडते ते पान

दोन हजार तेराच्या दुष्काळात कडूबाई आपल्या दोन गाई घेऊन कडा गावाजवळच्या चारा छावणीत राहायला आली. वय पंचेचाळिशीच्या पुढं. चौथीपर्यंत शाळा झाली, मग मेंढरांमागं हिंडणं. अक्षरं विसरली नव्हती, पण गोष्टीचं पुस्तक तिनं कधी हातात धरलं नव्हतं.

छावणीत सकाळी चारा वाटून झाला, सोसायटीच्या केंद्रावर दूध घातलं की दिवसभर काम नसे. अंगणवाडीच्या विमलबाई आपल्या म्हशीबरोबर तिथंच होत्या. त्यांनी घरून एक जुनी कादंबरी आणली. ती दूध केंद्रावरच्या गहिनीनाथनं वाचली, मग शेजारच्या दावणीचा सुग्रीव, मग आणखी कोणी. वाचून झालं की जो तो पाण्याच्या हौदापाशी येऊन आपलं मत सांगे. कादंबरीतली भागीरथी ऐन दुष्काळात झोपलेली पोर सोडून घरातून निघून जाते. वाद सगळा तिच्यावरून.

"पोटची पोर टाकून जाती, ती काय बाई हाय?" सुग्रीव तावातावानं म्हणे.

"नवरा तिला जित्ती ठिवीना, ते न्हाई वाचलं का तुमी?" विमलबाई विचारत.

कडूबाई नुसती ऐकत बसे. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई ताराबाई एका पहाटे खडी फोडायच्या कामावर म्हणून गेली आणि परत आलीच नाही. कडूबाई तेव्हा पाच वर्षांची. बाप लई तापट होता, एवढं तिला आठवत होतं. पुढं कळलं, आईनं बीडजवळच्या पाली गावात दुसरं घर केलं. आजीनं नातीला वाढवलं, पण सुनेचं नाव शिवीशिवाय कधी घेतलं नाही. कडूबाईनंही आईचं तोंड बघायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

एक दिवस तिनं हात पुढं केला. "मला द्या ते पुस्तक."

ती ओळीवर बोट ठेवून, पुटपुटत वाची. पुढं काय होतं ते कोणी सांगू लागलं की कानांवर हात ठेवी. एका दुपारी ते पान आलं. भागीरथी दारापर्यंत जाते, मागं वळते, पोरीच्या अंगावर वाकळ ओढते. पुन्हा दारापर्यंत जाते, पुन्हा येते, तिच्या केसांचा वास घेते. उचललं तर पोर रडेल, नवरा उठेल, म्हणून हात मागं घेते. कडूबाईनं ते पान पुन्हा वाचलं.

हौदापाशी सुग्रीवनं विचारलं, "सांगा मावशी, चुकलं का न्हाई तिचं?"

"ते मला ठावं न्हाई. पण हे लिव्हणाऱ्याला कळलं कसं? मी झोपले व्हते. मलाच ठावं न्हाई, आन ह्यानं माझ्या उशाशी बसून बघितल्यावानी लिव्हलंय."

मग विमलबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ते मनानं रचलेलं असतं."

"रचलेलं?" कडूबाई पुस्तकाकडं बघतच राहिली. "मंग तर लईच झालं."

सुग्रीवनं खाली मान घातली. "आईकडं जाऊन या मावशी. गाई मी बघतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन एसटीनं बीडला आणि तिथून पालीला गेली. ताराबाई पडवीत बाजेवर बसली होती, डोळ्यांनी अधू.

"कोण हाय?"

"कडू."

कडूबाई बाजेवर टेकली, तिनं पुस्तक उघडलं आणि ते पान वाचून दाखवलं. ताराबाईचा हात चाचपडत आला, लेकीच्या केसांवर थांबला.

"आपलं दार लई वाजायचं गं," ती म्हणाली. "मी उचलून धरून उघडलं. तू उठू नये म्हणून."

एवढ्या वर्षांत ते दार कडूबाईला कधी आठवलं नव्हतं. आता आठवलं. ती कितीतरी वेळ मुक्यानं रडली.

मग म्हातारीनं विचारलं, "आन ती पोर? सापडती का तिला?"

"मी फुडं वाचलंच न्हाई, माय."

"मंग वाच की."

कडूबाई बोट ठेवून वाचू लागली. एकेक ओळ लागायला वेळ लागत होता, पण म्हातारीला घाई नव्हती. शेजारच्या दोघीतिघी येऊन पडवीत टेकल्या. भागीरथीचं चुकलंच, असं एक म्हणाली, दुसरीनं तिला गप्प केलं. संध्याकाळची एसटी निघून गेली, तरी कोणी उठलं नाही.