मामांचा भुरका

माझ्या मामांचा भुरका तीन घरं पलीकडे ऐकू जातो. ते कॉफी भाजतात आणि चाखतात, आणि त्यांच्या मते चमचाभर कॉफी हवेसकट ओढली तरच चव नाकापर्यंत पोचते. असेलही. पण हाच भुरका माणूस व्याह्यांच्या घरी सूप पिताना मारायला लागला, तर बायकोने कुठे बघायचं? मामी गेली तीस वर्षं छताकडे बघते आहे. ती स्वतः कॉफीला शिवत नाही. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, आणि तोही आवाज न करता.

कारखाना म्हणजे घराखालच्या दोन खोल्या. पुढे भट्टी, मागे चाखायचं टेबल, आणि पुड्या भरायला मी, भाची. चाखायच्या दिवशी घरात कांदा चिरायचा नाही. अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाइकाला दारातूनच नमस्कार. चाखताना मामांचे डोळे मिटलेले, कारण रंग माणसाला फसवतो म्हणे.

त्या आठवड्यात डोंगरावरच्या बागवाल्या बाईंनी एकच पोतं पाठवलं. फळाची साल काढून, चिकट गर बियांवर तसाच ठेवून तेवीस दिवस वाळवलेलं. या पद्धतीला हनी म्हणतात, पण मध त्यात थेंबभरही नसतो. सोबत चिठ्ठी होती: ‘नीट भाजली तर संत्र्याची आठवण येते, अंगाने चहासारखी हलकी लागते. बाकीची सगळी यंदा बुरशीने गेली. एवढंच पोतं उरलंय, ते तुमच्या जिभेवर सोडते.’

मामांनी मूठ-मूठ घेऊन दोन घाणे भाजले, एक हलका, एक गडद. आख्खं पोतं कसं भाजायचं ते यावरून ठरणार होतं. पंधरा ग्रॅम कॉफी, कागदी गाळणी, उकळी मोडलेलं पाणी. आधी थोडंच पाणी घालून कॉफी फुगेपर्यंत मामा स्वतःचाही श्वास धरतात, मग बारीक धार गोल गोल सोडतात. खाली उतरली ती तांबूस आणि आरपार. दोन ग्लास निवायला ठेवून मामा चमचा धुवायला गेले.

तेवढ्यात मामी आली. दाराची घंटी वाजली म्हणून हातातला चहाचा ग्लास तिने टेबलावरच टेकवला आणि पुढे गेली. मी पाहिलं आणि गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मला गंमत बघायची होती.

मामा चमचा घेऊन परत आले, डोळे मिटून बसले आणि हाताला लागला तो ग्लास ओढला. एक भुरका. दुसरा भुरका.

“हीच,” ते म्हणाले. “संत्र्याची साल. हलकी, चहासारखी. शेवटी मध रेंगाळतो. पोतं असंच भाजायचं, लिहून घे.”

मामी दारात उभी होती. “तो माझा चहा आहे. त्यात मध कुठला रेंगाळतोय?”

मी पोट धरून हसले. मामांनी डोळे उघडले, ग्लासाकडे पाहिलं, मग मामीकडे. त्यांचा चेहरा पाहून मी हसायची थांबले.

“तापानंतर वास येईनासा झालाय,” ते म्हणाले. “दोन महिने झाले. आंबट, कडू, गोड एवढंच कळतं. बाकीचं आठवून सांगतोय.”

मामी म्हणाली, “तरीच परवा करपलेली भाजी पुन्हा मागून घेतलीत. मला वाटलं, माझ्यावर जीव आहे.”

“तोही आहे.”

मला माझीच लाज वाटली. मामांनी फोन उचलला. “बाईंना सांगतो, पोतं दुसऱ्या कोणाकडे द्या.” मामीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला, ग्लास पुढे ओढले आणि म्हणाली, “द्या तो चमचा.”

तिने गडद कॉफीचा बिनआवाजाचा घोट घेतला.

“असं नाही कळणार. हवा ओढ.”

“या वयात शोभतं का?”

“ओढ.”

तिने डोळे मिटले आणि जरासं ओढलं. “ही माझ्या करपलेल्या भाजीची बहीण.” मग हलकी चाखली, पुन्हा एकदा चाखली. “संत्रं सोललं की दिवसभर नखांत राहतो ना, तो वास. आणि खरंच चहासारखी आहे हो.”

“आणि शेवटी?” मामा पुढे झुकले होते.

“थांबा, बघू द्या.”

आणि मामीने असा भुरका मारला की समोरच्या शिंप्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मध आहे,” ती म्हणाली. “जरासाच. पण आहे.”

“चाखणाऱ्याच्या जागी तिचं नाव लिही,” मामा मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून ते छताकडे बघत होते.