पन्नासांच्या आतलं मीठ

तव्यावर कांदा काळा पडेस्तोवर भाजला की आधी गोडसर, मग कडवट आणि शेवटी धुरकट असा एक वास उठतो. तो नाकाशी आला की मी आजही पदर सावरते, कारण त्या वासामागून माझ्या नणंदेचे सासरे येणार, आणि त्यांच्यामागून पन्नास माणसांचं जेवण. या पृथ्वीवरचे यच्चयावत प्रश्न वेळेवर ताट न वाढल्यामुळे निर्माण झाले आहेत, असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. भाऊबंदकी, घटस्फोट, रस्त्यावरचे खड्डे, परीक्षेतली कॉपी, कशाचंही मूळ शोधत गेलात तर ते म्हणतात, "तळाला एक उपाशी माणूस बसल्याला घावतो." नात्याने ते आमचे व्याही, आमच्या सांगलीच्या घरात लहानथोर सगळे त्यांना व्याही असंच म्हणतात. मेढ्याच्या वरच्या त्यांच्या वाडीत मात्र ते हवालदार. बंदूक त्यांनी चालवली असणारच, पण तिच्याविषयी त्यांना फारसं काही आठवत नाही. ते पलटणीतले स्वयंपाकी होते, आणि त्यांच्या आठवणीत बर्फाच्छादित शिखरांपेक्षा त्यांच्या पायथ्याशी रटरटणाऱ्या डाळीचीच उंची अधिक आहे.

पलटणीने त्यांना पेन्शन दिली आणि एक व्यंग दिलं. पन्नासांपेक्षा कमी माणसांचा स्वयंपाक त्यांना येत नाही. "पन्नासांच्या आत मला मीठ सापडत न्हाई," हे ते अत्यंत गांभीर्याने, एखाद्याने रातांधळेपणाविषयी बोलावं तसं सांगतात. मिठाची मूठ पाण्यावर नेली की ती आपसूक मोठ्या पातेल्याच्या बेताने उघडते. वाटीभर आमटीला त्यांनी घातलेलं मीठ मी एकदा चाखलं आहे. त्यानंतर दिवसभर मला मेढ्याच्या डोंगरात समुद्राची गाज ऐकू येत होती. विहीणबाई होत्या तोवर त्यांना घरच्या चुलीपाशी फिरकण्याची मनाई होती. त्या गेल्यावर व्याह्यांनी एकट्यासाठी पिठलं लावून पाहिलं, खारट झालं म्हणून पाणी घातलं, पातळ झालं म्हणून पीठ घातलं, पुन्हा मीठ, पुन्हा पाणी; आणि अंधार पडायच्या सुमाराला मोठं पातेलं काठोकाठ भरलं तेव्हा कुठे त्यांना हवी ती चव लागली. मग ते अंगणात उभे राहून हाका मारू लागले. मेढ्याच्या वर, घाटाच्या वळणावर लटकलेल्या त्या वाडीला तेव्हापासून अधूनमधून असं अकस्मात जेवण पडतं, जशी इतर गावांना गारपीट होते.

नणंद आणि तिचा नवरा कुपवाडला राहतात. तो तिथल्या एका कारखान्यात आहे. एका हिवाळ्यात त्यांनी व्याह्यांना आठ दिवस राहायला नेलं. पहिल्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला, मागे भांड्यांचा असा खणखणाट की मला वाटलं घरातच कारखाना निघाला. "वहिनी, तुमच्याकडचं मोठं पातेलं घेऊन या. आणि दादांना घेऊन या. आणि शेजारपाजार कोण असेल ते घेऊन या." आम्ही पोहोचलो तेव्हा पाळी सुटलेले कामगार दुचाक्या गल्लीत तिरक्या लावून, हेल्मेट मांडीत घेऊन, फरसबंदीवर पंगत धरून बसले होते, आणि व्याही कमरेला टॉवेल गुंडाळून, पळी उंच धरून, रांगेतून चालत होते. त्या चालण्यात एक लय होती. पळी वाकायची, आमटीची लाल तर्री दिव्याच्या उजेडात क्षणभर चमकायची, भातावर पडायची आणि तिच्यातून वाफेचा एक सुस्कारा वर यायचा. मी कवितेची विद्यार्थिनी. यती आणि गण मला त्या रात्री पुन्हा एकदा, नीट समजले. व्याही स्वतः मात्र कधी कुणाच्या पंगतीत बसत नाहीत. शेवटी, सगळे उठल्यावर, उभ्यानेच पातेल्याला टेकून दोन घास खातात. "खानसाम्यानं बसून जेवायचं नसतं," हा त्यांचा एकमेव धर्मनियम आहे. आणि ताटाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तर ज्योतिषाची आहे. ते मला म्हणतात, "पहिलं वाढप भुकंचं असतं, सांगलीकरीणबाई. त्यात काय कळत न्हाई. माणूस दुसऱ्यांदा ताट आपणहून पुढं करतो ना, तवा समजायचं, ह्याला ही जागा आपली वाटली."

या सिद्धान्तातूनच त्यांचं राज्यकारभाराविषयीचं मत निघालं, आणि ते मांडण्याचं व्यासपीठ त्यांनी वाडीच्या रेशन दुकानाच्या पायऱ्यांवर शोधून काढलं. त्यांना स्वतःला रेशनचा दाणा मिळत नाही, पेन्शन आहे ना. तरी धान्य आल्याची बातमी फुटली की रांगेत सर्वांत पुढे ते उभे. कोणी आलं की त्याला आपली जागा द्यायची, स्वतः शेवटी जायचं, हळूहळू पुन्हा पुढे सरकायचं, पुन्हा मागे. अशाने एका सकाळीत प्रत्येकाशी वाद घालून होतो. डोंगरात मोबाईलचं नेटवर्क लहरी, त्यामुळे अंगठ्याचं मशीन हटकून बंद पडतं; आणि मशीन बंद पडलं की सभा सुरू होते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेबरोबर मी वाडीवर गेले होते, तेव्हा ती सभा मी करवंदं चघळत, पायरीच्या कडेला बसून अथपासून इतिपर्यंत ऐकली.

"सरकारनं शिजवून द्यावं," व्याही म्हणाले. "हरेक वाडीत एक चूल, एक पातेलं. गरम गरम. संपला विषय."

"त्यापेक्षा खात्यात पैसे टाकावेत," दुकानदार मशीन उन्हात धरून नेटवर्कला आळवत म्हणाला. "मी सुटीन, हे मशीन बी सुटंल."

"पैशाला दुसऱ्यांदा वाढता येतं व्हय रं? आन् पैसा घरात आला की तो पहिल्यांदा कुनाच्या खिशात जातो, ते ह्या बायांना इचार."

बायांनी एकमुखाने मान डोलावली. व्याही जिंकत आले होते, तोच पायरीच्या खालून एक आवाज आला, कोरडा आणि करकरीत, वाळक्या पानावर पाय पडावा तसा. "हवालदार, तुमच्या पातेल्यात डाळ कंची शिजवायची ते कोन ठरीवनार?"

त्या आक्का. खालच्या आळीत एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या घरातल्या, अंगाने काडीएवढ्या. आणि हवालदारांना तोंडावर गप्प करणारी वाडीतली एकमेव व्यक्ती.

"मी ठरीवनार की," व्याही म्हणाले.

"मंग झालं तर. माझी चूल हाय, माझं तोंड हाय. दाणं द्या, माझं मी बघीन. शिजिवल्यालं नको आन् पैसं बी नको."

"आवं आक्का, पर दाणं तरी मिळत्यात का तुमाला?"

हे बोलताक्षणी व्याह्यांनी जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. आक्कांचा अंगठा दोन महिने मशीनवर उमटत नव्हता. आयुष्यभर गवत कापून, शेण सारवून, राखेने भांडी घासून त्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. मी तो हातात घेऊन पाहिला, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आणि गार होता. दुकानदार वाईट माणूस नव्हता. दुसरी वाट काढायला तालुक्याला अर्ज द्यायचा होता, आणि अर्ज गेला होता, तो अजून कुठल्याशा टेबलावर विसावला होता. त्याही दिवशी मशीनने आक्कांना ओळखलं नाही. त्या रिकामी पिशवी घडी घालून, काखेत धरून, ताठ मानेने उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी व्याह्यांनी घेवड्याची आमटी केली, भात केला, आणि एक डबा खालच्या आळीत पाठवला माझ्या हाती. आक्कांच्या घरातून धूर निघत नव्हता. चहाचा मात्र वास होता, बिनदुधाचा. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं, आणि डबा न उघडता परत माझ्या मांडीवर ठेवला. "चिडून न्हाई देत हां, बाय," त्या म्हणाल्या. "माझी आजी ह्याच वाडीत दारोदार भाकरी मागायची. आमच्या लोकांचं तेच काम धरलं जायाचं. आमी बुद्धाचं झालो, तवा माझ्या आईनं ती चाल सोडली. उपाशी राहिली, पर कुनाच्या दारात हात पसरला न्हाई. आता मी म्हातारपणी शिजल्यालं घेऊ? दाणं माझ्या हक्काचं हाय. ते मी पिशवीत आणीन." मग जराशी हसून म्हणाल्या, "आन् हवालदारांना इचार. अख्ख्या मुलखाला वाढत्यात, पर माझ्या चुलीवरचं कवा खाल्लंय त्यांनी?"

मी डबा घेऊन वर आले आणि शब्दन् शब्द सांगितला. एरवी वादात श्वास घ्यायलाही न थांबणारा तो माणूस पळी खाली ठेवून पातेल्याला टेकला. आमटीवर साय धरली. तेव्हा ते म्हणाले, "खाल्लं न्हाई. कुनाचंच खाल्लं न्हाई, सांगलीकरीणबाई. पर तिला ते कसं कळावं? आन् खरं सांगू का, तिनं कवा जेवाया बोलावलं तर काय, ह्या भ्यानं मी बी कवा तिच्या वट्यावर बसलो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीने जे पाहिलं, त्याची चर्चा मेढ्याच्या बाजारापर्यंत गेली म्हणतात. हवालदार आक्कांच्या अंगणात उकिडवे बसून, राखेने, त्यांची भांडी घासत होते. दारात आक्का कमरेवर हात देऊन उभ्या.

"ह्ये काय चाललंय?"

"पलटणीत भांडी घासणाऱ्या पोरांचं अंगठं असंच घासून जायाचं. त्यांना मी आठवडाभर राखंला हात लावू द्यायचो न्हाई. खोबरेल लावून बसवायचो. रेघा परत येत्यात. तुमी शिजिवल्यालं घेत न्हाई ना? ह्ये शिजिवल्यालं न्हाई."

आक्का विचारात पडल्या. न्याय करताना त्या डोळे बारीक करत. "ह्ये काम हाय," शेवटी त्यांनी निवाडा दिला. "कामाला माझी ना न्हाई. पर कढई नीट घासा. बुडाला काळं ऱ्हायलंय."

मग काय विचारता! आठवडाभर वाडीला दुसरा उद्योग नव्हता. आक्कांनी गवताला हात लावायचा नाही म्हणून त्यांची शेळी नणंदेने चारली. सारवणाचं काम माझ्याकडे आलं, आणि सांगलीच्या कॉलेजात छंदशास्त्र शिकवणारे माझे हात शेणाच्या त्या हिरव्या, गवताळ वासात मनगटापर्यंत बुडाले. त्या दिवसांत माझ्या पिशवीतले बेदाणे आक्कांनी घेतले ते बदल्यात मला भांडी घासायला चुलीची राख देऊन, बरोबरीच्या व्यवहाराने; पीठही त्या नणंदेकडून उसनं घेत, दाणे आले की फेडायच्या बोलीवर. त्यांच्या अंगठ्याला सकाळ-संध्याकाळ खोबरेल लागे, आणि येणाराजाणारा तो उजेडात धरून पाही, जणू वाडीत एखाद्या बाळाचा दात उगवायचा होता. "रेघ दिसती का?" "दिसती वाटतं." "ती सुरकुती हाय येड्या." आक्का वैतागून म्हणत, "माझ्या लग्नात बी माझ्याकडं एवढं कुनी बघितलं नव्हतं." आणि हवालदार, ज्यांच्या मताप्रमाणे दाणे देणं हाच मुळात सरकारचा गाढवपणा होता, ते त्या दाण्यांसाठी रोज कढई घासत होते. दुकानदाराने एकदा टोमणा मारला, "काय हवालदार, बाजू बदलली का?" तर म्हणाले, "बाजू तीच हाय. वाढायची पद्धत तिची."

धान्यवाटपाच्या शेवटच्या दिवशी आक्कांनी अंगठा लुगड्याला पुसला आणि मशीनवर टेकवला. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. चिंचेवरचा कावळासुद्धा, मला वाटतं, आमच्याच बाजूने गप्प होता. हवालदारांनी डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा मशीनमधून एक बारीक, स्वच्छ सूर निघाला आणि कागदाची पट्टी सळसळत बाहेर आली. एवढा मधुर सूर मी मैफलीतही ऐकलेला नाही. बाया टाळ्या पिटू लागल्या. आक्कांनी पिशवीत तांदूळ घेतले, मूठभर वर काढून नाकाशी नेले, हुंगले, आणि वळून हवालदारांना म्हणाल्या, "उद्या दुपारी माझ्या घरी जेवायला यायचं. बसून."

ते आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर घडीची टोपी, चेहरा नव्या नवरीसारखा भेदरलेला. सारवलेल्या जमिनीवर मांडी घालताना त्यांचे गुडघे वाजले. आयुष्यात इतक्या पंगती उठवलेल्या त्या माणसाला पंगतीत हात कुठे ठेवायचे ते ठाऊक नव्हतं. आक्कांनी वाढायला मला उभं केलं. "मी वाढलं तर हा बाबा मधीच पळी हिसकून घील," असं म्हणून त्या स्वतः त्यांच्या समोर ताट घेऊन बसल्या. भात पांढरा, थोडा चिकट, त्यावर आमटी. दोन माणसांपुरती, एवढ्याशा पातेल्यात. हवालदारांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आक्कांनी विचारलं, "मीठ?" त्यांनी बरोबर आहे अशी मान डोलावली. दोनच माणसांच्या पातेल्यात ते नेमकं कसं सापडतं, हे कोडं त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट दिसत होतं. आणि मग ते हळूहळू विरलं. बाहेर ऊन तापलं होतं, दारातून फणसाचा वास येत होता. कुणीही कुठलाही वाद घातला नाही.

मी पातेलं झाकून ठेवायला वळले, तोच मागे जमिनीवर ताट सरकल्याचा आवाज झाला. मी पाहिलं. हवालदारांनी रिकामं ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे धरलं होतं. नजर वर नव्हती, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि आवाज इतका लहान, की पन्नासांच्या पंगतीत तो कुणालाच ऐकू गेला नसता.

"वाढा."