वाचनालयातला पुरुषी आवाज

भरदुपारी वाचनालयाचं दार आतून लावून चंद्रकला कुणा पुरुषाबरोबर असते, अशी आवई खर्डीजवळच्या आमच्या गावात एका वर्षी उठली. गावातल्या अनिताने गिरणीवर पीठ सांडेपर्यंत हात नाचवले. "माझ्या कानांनी ऐकलंय गो! तो समजावीत व्हता आन् ही हसत व्हती!" संध्याकाळी बातमी टोकावड्याला पोचलीसुद्धा. एसटीला हे कधी जमलेलं नाही.

चंद्रकला म्हणजे महिपतची बायको, अंगणवाडीतली मदतनीस. सेविका व्हायचं तर दहावी पास हवी, आणि गणिताने तिला दोनदा पाडलेलं. मार्चची परीक्षा हुकली की जागा दुसऱ्या कुणाला जाणार. गणिताचे धडे इंटरनेटवर फुकट होते, पण व्हिडिओत. वाचनालयात कुणीतरी दान दिलेला जुना कॉम्प्युटर होता, त्यात विंडोजऐवजी लिनक्स. धडा उघडला की करडा चौकोन आणि त्यावर एकच रडगाणं: व्हिडिओ चालवणारं प्लगइन नाही. चाळिशीत दहावी म्हणून पोरं चिडवत, म्हणून ती दार लावून बसे.

तिचा धाकटा दीर हरेश ठाण्याला कॉम्प्युटरच्या कामावर. तो फोनवरून सांगू लागला.

"वयनी, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत मी सांगितलेलं टाइप केलंत ना?"

"केलं. अजून करडंच हाय."

"प्लगइन कुठलं उतरवलंत? चौसष्ट बिटचं? अवो, मशीन म्हातारं हाय, त्याला बत्तिसाचं लागतं."

"तुमच्या दादासारखंच की. नवीन काय पचत नाय."

बत्तिसाचं उतरवलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. फळ्यापुढे मास्तर हात हलवत होते, तोंड उघडत होते, आवाज मात्र नाही.

"सेटिंगमध्ये काय लिवलंय?"

"हेडफोन जोडलाय म्हणतंय. इथं कुठला हेडफोन, भावजी?"

तिने हेडफोनच्या भोकात डोकावून पाहिलं. आत तांदूळ! दसऱ्याला विळे-कोयते पुजले, तशी तिनेच या यंत्राचीही पूजा केली होती. हळद-कुंकू बेताने, अक्षता मात्र सढळ हाताने. भात पिकवणाऱ्या घरची बाई तिथे हात कशाला आखडेल? त्यातलाच एक दाणा आत जाऊन बसला होता.

केसातल्या पिनेने दाणा उकरला आणि मास्तर एकदम गरजले. चंद्रकलेला हसू आवरेना. नेमकी तेव्हाच अनिता कळशी घेऊन खिडकीखालून चालली होती.

लोकांनी महिपतला छेडलंच. "कोण रे तो?"

"मला गणित येत नाय, म्हून तिनं दुसरा बघितला," महिपत म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला. आवई आणखी महिनाभर तगली, ती या उत्तरावर.

चंद्रकला मार्चमध्ये पास झाली. आज ती सेविका आहे आणि अनिताची नात तिच्याच अंगणवाडीत खिचडी खाते.

खोलीत पुरुष नव्हता. व्हिडिओतले मास्तर वर्गसमीकरण शिकवत होते आणि चंद्रकला ते शिकत होती.