अभिमनचा शेवटचा डाव

पारावरचा एकही म्हातारा अभिमनला हरवत नव्हता. वय चौदा. त्याला बुद्धिबळ शिकवलं आमच्या गावच्या वना आबांनी, गावच्या नियमानं. प्यादं एकच घर चालायचं, अन् राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी. मी अभिमनहून तीन वर्षांनी मोठा, नववीत शाळा सोडलेला. त्याच्या वाटेला कोणी गेलं की आडवा मी.

चौऱ्याण्णवला धुळ्यात पोरांची जलद स्पर्धा लागली. पहिला येईल तो पुण्याला, राज्याच्या स्पर्धेला. अभिमनचा बाप झुलालभाऊ म्हणाला, "जिंकना तर खेय. नही तर सोमवारपासून जिनिंगवर."

शहरातले नियम त्यानं पंधरा दिवसांत घोकले. रविवारी पाच डाव जिंकला. सहावा एका वकिलाच्या पोराशी, जिंकेल तो पहिला. प्रत्येकाला वीस मिनिटं, शेजारी घड्याळ. आधीच्या डावात अभिमनचं एकच मिनिट उरलं होतं, म्हणून मीच म्हटलं, "सुरुवातीच्या चाली झटझट टाक. विचार करत बसू नको."

नाही केला विचार. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग वजिराकडचा घोडा, राजाकडचा उंट, मग राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर. अन् राजा उचलून थेट त्या प्याद्याच्या रिकाम्या घरात! पारावर हजारदा टाकलेली चाल. हात आपोआप गेला.

पोरगं खिदळलं, "अरे, हा राजा आहे का घोडा?"

पंच आले. "राजाला हात लावलास, आता राजाच हलव."

राजा एक घर सरकला, अन् त्याचं कॅसलिंग, म्हणजे हत्तीआड लपायची सोय, गेलं. उघड्यावर सापडला. बाविसाव्या चालीला मात. बाहेर पोरं टुणटुण उड्या मारून दाखवत होती. एकाला ठोकला मी.

गावात एसटी थांबली तर आबा उभेच.

"काय व्हयनं रे?"

"टाइम सरी गया, आबा. मी सुस्त खेळनू."

मी तोंड उघडलं, तर अभिमननं माझा दंड असा आवळला की वळ उठला.

आबा भडकले. "इतलं शिकाडं, अन् तुना हात चालेना? गधडा!"

सोमवारी अभिमन जिनिंगवर गेला. आबा मरेपर्यंत पारावर सांगायचे, पोर हुशार होतं, पण सुस्त. अभिमन कापसाची धूळ झटकत समोरून जायचा. ऐकायचा अन् जायचा.