आमिनाताच्या कापडाची कुंदी

आमिनाताने अंगातल्या झग्याची बाही कानाजवळ नेली आणि मुठीत चुरगाळली. मग दुसरी बाही चुरगाळली. मग आरशाकडे पाठ करून माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, इसका आवाज कहाँ गया?"

मी खाली बसून घेर बघत होते. टाचण्या तोंडात होत्या, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही. पण ती काय विचारते ते मला कळलं होतं. कापड घेऊन ती पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा घडी उघडताना ते पापडासारखं कडकडलं होतं. गडद निळं सुती कापड, विणीतच फुलं, आणि चमक अशी की वरची ट्यूबलाइट त्यात दिसावी. आता तेच कापड तिच्या अंगावर ओल्या फडक्यासारखं पडलं होतं.

"पानी में डाला क्या?"

मी मानेनंच हो म्हटलं. ती स्टुलावर बसली.

प्रतापनगरात मॅडमचं बुटिक आहे, तिथे मी बरीच वर्षं कटिंग आणि शिलाई करते. आमच्याकडे सुती कापडाला न भिजवता कात्री लागत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवलं आणि मग आटलं, तर ब्लाउज अंगात शिरत नाही आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून आलेलं कापड रात्रभर पाण्यात घालायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची, मग कापायचं. आमिनाताचं कापडही मी तसंच भिजवलं. रंगाचा थेंबही सुटला नाही. चांगलं कापड म्हणून मला बरं वाटलं होतं.

आमिनाता मालीची. आफ्रिकेच्या पश्चिमेला हा देश आहे. ती इथे फार्मसी शिकते, मनीषनगरला मैत्रिणींसोबत राहते. मराठी तिला समजतं, बोलते मात्र हिंदीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आफ्रिकेतल्या मुलामुलींचा कार्यक्रम होता. गाणी, ढोल, नाच, त्यांच्याकडचं जेवण, त्यांच्याकडचे कपडे. सुरुवातीचं गाणं आमिनाताचं होतं. त्यासाठी हा मोठा, पायापर्यंतचा झगा. त्याला ते बूबू म्हणतात. कापड तिच्या मावशीनं पाठवलं होतं. मावशीचा धंदाच कापड रंगवायचा. ते बोटं निळी करणारं काम आहे, असं आमिनातानं सांगितलं होतं. मावशी कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर बघणार होती.

आवाज ऐकून मॅडम काउंटरवरून आत आल्या.

"काय झालं गं वनिता? ट्रायल बसली नाही का?"

"बसली. पण कापड मऊ पडलं."

मॅडमनी हात लावून पाहिला. "धुतल्यावर सुती कापड मऊ पडतंच, बेटा. अंगाला छान वाटेल. मी स्प्रे स्टार्च मारून देते, कडक इस्त्री करते."

आमिनातानं मानेनंच नाही म्हटलं. तिनं जे सांगितलं ते मी मराठीत लिहिते. ही चमक इस्त्रीची नसते. रंगवून झाल्यावर कापडाला डिंकासारखं काहीतरी लावतात. मग ते लाकडाच्या ओंडक्यावर घड्या करून ठेवतात आणि दोन माणसं समोरासमोर बसून लाकडी मुसळांनी ठोकतात. ठोकून ठोकून चमक येते. धुतलं की चमक जाते, म्हणून त्यांच्याकडे धुतलं की पुन्हा ठोकणाऱ्यांकडे द्यायचं. ते तिथे गल्लीगल्लीत असतात.

"यहाँ कौन है?" ती म्हणाली. "मौसी देखेगी तो बोलेगी, मेरा कपड़ा किसने मारा."

"मी इतवारीतून चमकणारं सॅटिन आणते," मॅडम म्हणाल्या. "वनिता उद्या दुपारपर्यंत शिवून देईल."

"नहीं मॅडम. सॅटिन मौसी ने नहीं रंगाया."

मॅडमनी झगा पुन्हा चाचपला. मग एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर कुंदी! माझ्या वडिलांची धोतरं इतवारीतून कुंदी करून यायची. लाकडी मोगरीनं ठोकून. काचेसारखी दिसायची." आणि त्यांनी दारातूनच शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला हाक मारली. "सुखदेवभाऊ! या जरा."

सुखदेवभाऊ आले. झगा पाहिला, आमिनाताला पाहिलं, कान खाजवला.

"कुंदी? ते माहा बाप करे जी. म्या लहानपनी पाह्यलं. कधी केलं नाही. मोगरी हाय घरी, थे माही बायको चादरी आपटाले वापरते."

म्हणजे तिघांनी ऐकलेलं होतं, पाहिलेलं होतं, केलेलं कोणीच नव्हतं. मला तर तेवढंही माहीत नव्हतं.

आधी कातरणीवर करून बघायचं ठरलं. उरलेल्या कापडाचे तुकडे माझ्याकडे होते. मॅडमनी तांदळाची कांजी केली, कांजी म्हणजे घरगुती स्टार्च. वाळल्यावर निळ्या कापडावर पांढरी राख फासल्यासारखी दिसली. तो तुकडा फेकला. आमिनाता म्हणाली, तिकडे झाडाचा गोंद लावतात, काट्यांच्या झाडाचा.

"बाभळीचा डिंक," मॅडम म्हणाल्या. "लाडवातला. कोपऱ्यावर किराण्यात मिळतो."

डिंक कोमट पाण्यात विरघळवला, मलमलच्या कपड्यातून गाळला, नाहीतर कण राहतात आणि कापडावर डाग पडतात. तुकडा त्यात बुडवून पंख्याखाली धरला. सुखदेवभाऊंनी इस्त्रीच्या टेबलाची सागवानी फळी काढून मागच्या अंगणात टाकली. मोगरी उचलली आणि एक दणका दिला.

तुकडा फाटला. अर्ध्या चंद्रासारखी चीर.

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या.

"मोगरीची धार लागली जी," सुखदेवभाऊ म्हणाले. त्यांनी पॉलिशपेपरनं मोगरी घासून गुळगुळीत केली. पुन्हा दणका दिला. या वेळी चीर पडली नाही, पण तुकड्याचे पदर एकमेकांना चिकटले, कारण तो फार ओला होता. पुढचा तुकडा फार कोरडा निघाला. त्यावर नुसते ठोक्यांचे डाग पडले, चमक नाही. त्यानंतरचा, इस्त्रीआधी पाणी शिंपडतो तेवढा दमट. तिथे एका कोपऱ्यात नखाएवढी चमक आली आणि शेजारीच पुन्हा चीर.

मी बघत होते. सुखदेवभाऊंचा हात तिरका येत होता. धोब्याचा हात मळ काढायला असतो, तो बाजूनं मारतो, कापड सरकवत मारतो. इथे कापड सरकायला नको होतं. हात सरळ खाली यायला हवा होता, स्वतःच्या वजनानं.

"भाऊ, मले द्या एकदा," मी म्हणाले.

माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. तिथे आई आणि मी एका उखळात दोन मुसळांनी धान्य कांडायचो. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. जोर लावायचा नसतो, सोडायचं असतं. मी मोगरी उभी धरली आणि सोडली. फाटलं नाही. पुन्हा सोडली. पण एकटीच्या ठोक्यात कापड मधल्या वेळात उसळायचं आणि घडी सरकायची.

आमिनाता अंगणात उतरली. चपला काढून माझ्यासमोर बसली.

"दूसरा है?"

सुखदेवभाऊ घरून बायकोची दुसरी मोगरी घेऊन आले. ती घासली. आमिनातानं ती धरली आणि मला लगेच कळलं की हिनंही उखळात कांडलेलं आहे. मनगट सैल, खांदा स्थिर. नंतर तिनं सांगितलं, गावी आजोळी बाजरी अशीच दोघी-दोघी कांडतात.

पहिल्या काही ठोक्यांत मोगऱ्या एकमेकींवर आपटल्या. मग ती तोंडानं ताल धरू लागली. गाणं नव्हे, नुसते बोल, ठोकणाऱ्यांचे. पहाटे उठलं की गल्लीत तेच ऐकू येतं, म्हणाली. त्या तालात माझा ठोका आपोआप तिच्या ठोक्याच्या मधल्या जागेत पडू लागला. सुखदेवभाऊ तुकडा फिरवत होते. वरच्या मजल्यावरून एक जण गॅलरीत आला.

"ओ मॅडम, काय फोडून राह्यले जी?"

"कुंदी करतोय!"

"कोनाची?"

"तुमची नाही, जा!" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका होता. सगळेच तणावात होतो.

तुकडा उलगडला. तो कडकडला. चमक सगळीकडे सारखी नव्हती, पण होती.

आता खरा प्रश्न आला. झगा शिवून झाला होता. ठोकताना शिवण मध्ये आली, तर शिवणीच्या जाड जागी कापड नक्की तुटणार. म्हणजे दोन्ही बाजू उसवून कापड सपाट करावं लागणार. गळ्याला मी मशीनचं भरतकाम केलं होतं, ते काढता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या कडेला मोगरी लागली तर धागे कापडाला कापतील. आणि दुसरं कापड नव्हतं.

"फाटलं तर?" मॅडमनी तिला विचारलं. "आत्ता निदान घालता येतं. मऊ आहे, पण अख्खं आहे. फाटलं तर उद्या काय घालशील?"

आमिनातानं झगा मांडीवर ओढला.

"फट गया तो स्टेज पे नहीं जाऊँगी," ती म्हणाली. "मौसी को मरा हुआ कपड़ा नहीं दिखाऊँगी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू सांग. होईल का?"

मी कधी गिऱ्हाइकाला होईल किंवा नाही असं सांगत नाही. ते मॅडमच सांगतात. मी म्हणाले, "माहीत नाही. पण उसवते."

त्या संध्याकाळी मी झगा उसवला. टाके बारीक घातले होते, त्याचा पश्चात्ताप झाला. सकाळी डिंक लावला, सावलीत टांगला, आणि आम्ही दोघी दर थोड्या वेळानं हात लावून बघत होतो, दमट किती राहिला ते. आमिनातानं एका मेणबत्तीचा तुकडा आणला होता. तिकडे ठोकणारे कापडावर मेणही चोळतात. तिनं हलक्या हातानं चोळलं. मग लांब घड्या केल्या, गळा वरच्या बाजूला बाहेर काढून.

ठोकायला बसलो. पहिल्या ठोक्याला माझे डोळे मिटले गेले. उघडले तर कापड होतं तसंच होतं. मग मी बघायचं सोडून दिलं आणि तिचे बोल ऐकत राहिले. सुखदेवभाऊ घडी उलटायचे, मॅडम नुसत्या उभ्या होत्या, फोन वाजला तरी उचलत नव्हत्या. मध्येच एकदा 'चर्र' असा आवाज आला आणि चौघंही थांबलो. मी घडी उलगडली. चिकटलेले दोन पदर सुटले होते, एवढंच. सुखदेवभाऊ म्हणाले, "हार्ट बंद पडते आता माहा."

गळ्याजवळ पोचलो तेव्हा हात भरून आले होते. भरतकामापासून बोटभर जागा सोडायची ठरली होती. डाव्या खांद्याला मी बोटभराऐवजी चार बोटं सोडली. भीती वाटली म्हणून. दिसणार नाही असं वाटलं.

शिवायला दुपार लागली. या वेळी टाके मोठे घातले. सुई कडक कापडातून जाताना प्रत्येक टाक्याला टिचकीसारखा आवाज यायचा. आमिनाता तिथेच झगा अंगात घालून, सांडेल म्हणून पाणीही न पिता, रिक्षात बसली. मॅडमनी मलाही सोबत पाठवलं. रस्त्यात काही उसवलं तर सुई-दोरा हवा.

मी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. ढोल सुरू झाला, मग आमिनाता आली. दिवे तिच्यावर पडले आणि झगा पाण्यासारखा चमकला. ती हात पसरायची तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं शिट्ट्या मारायची. तिचं गाणं मला कळलं नाही. मी शिवणीच बघत होते. एकही सुटली नाही. एका मुलीनं स्टेजच्या कडेला फोन उंच धरला होता, त्यात निळ्या बोटांची एक बाई तोंडावर हात ठेवून बसली होती.

नंतर जेवण होतं. शेंगदाण्याच्या घट्ट रश्शात मांस आणि भात. मी मांस खात नाही, मुलींनी मला नुसता रस्सा-भात दिला. चांगला होता, तिखट आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. आमिनाता ताट घेऊन माझ्याजवळ आली. ती रडत रडतच हसत होती.

"मौसी बहुत खुश है," ती म्हणाली. "बोलती है, इंडिया में जिसने ठोका, उसका हाथ चूमूँगी. और पूछती है, बाएँ कंधे पर डर गई थी क्या?"

एवढ्या लांबून, एवढ्याशा फोनवर, तिला माझी चार बोटं दिसली होती. मी खरं ते सांगितलं. आमिनातानं तसंच फोनमध्ये सांगितलं आणि पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

आमच्या दुकानात भिजवायचा नियम अजून आहे. फक्त आता कापड हातात घेतलं की मी आधी गिऱ्हाइकाला विचारते, तुमच्याकडे हे धुतात कसं. बहुतेक बायका हसतात, वॉशिंग मशीन म्हणतात. तरी विचारते. अनोळखी माणसाला विचारणं मला आजही जड जातं. उसवणं त्याहून जड जातं.