रिजची एकेचाळीस मुलं

आर्डिस व्होल्कर शाळेच्या मंडळावर निवडून आली तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. त्याआधी एकतीस वर्षे तिने केसल क्रीकच्या शाळांची नऊ नंबरची बस चालवली होती. गावात तिला आडनावाने कोणी ओळखत नसे. लहानांची ती मिसेस व्ही, मोठ्यांची आर्डिस. बँकेतला व्यवस्थापक, पशुवैद्य, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, सगळे कधी ना कधी तिच्या बसमधून शाळेत गेलेले. पशुवैद्य समोर आला की ती हमखास म्हणायची, "तिसऱ्या बाकावर ओकला होतास, आठवतं ना?" आणि तो हसून म्हणायचा, "आर्डिस, लोक ऐकतायत."

रिव्हर रोडची शाळा तिच्या माहेरच्या घरासमोर होती. लाल विटांची, चार खोल्यांची, मागून दोन वाढवलेल्या. कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावे चिकटवलेली असत. आर्डिसची खुंटी खिडकीजवळची. हिवाळ्यात तिथे ओले हातमोजे वाळत घातलेले असत आणि लोकरीचा तो वास सगळ्या खोलीत भरून राही. पुढे तिची दोन्ही मुले त्याच शाळेत गेली. नवरा वारला त्या वर्षी शाळेने तिला तीन आठवडे गाडीला हात लावू दिला नाही, आणि रोज दुपारी कोणाच्या ना कोणाच्या घरून झाकलेले भांडे तिच्या पायरीवर येत राहिले. ती भांडी कोणाकोणाची होती हे तिला अजून तोंडपाठ होते.

त्यातली निम्मी बर्नाडीन झॅस्ट्रोची होती. बर्नाडीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तेव्हाही आणि आताही. दोघींची मैत्री पहिल्या इयत्तेपासूनची. दर शुक्रवारी दोघी मिळून क्लबात तळलेले मासे खायला जात. ठरलेले टेबल, ठरलेली भांडणे. पत्ते खेळताना आर्डिस डाव चुकली की बर्नाडीन म्हणे, "बस चालवताना तरी डोळे उघडे ठेवत होतीस ना?"

आर्डिसला निवडणुकीला उभे केले ते बर्नाडीननेच. कारण होते हद्दीचे. कोणत्या घरची मुले कोणत्या शाळेत जाणार याची रेघ इतकी वर्षे ओढ्यावरून जात होती. शाळांचे नवे अधीक्षक क्रेग निस्ट्रम यांचे म्हणणे, ती रेघ आता रेल्वेच्या रुळांवर आणावी. म्हणजे उत्तरेकडच्या उंच पट्टीवरची, रिजवरची, एकेचाळीस मुले हमरस्त्याजवळच्या नव्या शाळेत जातील. रिव्हर रोडला उरतील सत्तावन्न. सत्तावन्न मुलांवर शाळा चालत नाही, हे कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते, पण गावातल्या प्रत्येकाला ते कळत होते.

"तू उभी राहा," बर्नाडीन म्हणाली होती. "तुला कोण नाही म्हणणार? अर्ध्या गावाचं नाक तू पुसलंयस."

बर्नाडीनने स्वतःच्या हाताने फलक रंगवले. 'आर्डिस म्हणजे रिव्हर रोड राहणार.' आर्डिसने प्रत्येक दारात तेच सांगितले, मनापासून सांगितले, आणि एप्रिलमध्ये ती निवडून आली.

ऑक्टोबरात निस्ट्रमनी सगळ्या सदस्यांना कागद वाटले. त्यात लिहिले होते, रिजच्या मुलांना रिव्हर रोडला पोचायला आज जास्तीत जास्त बावन्न मिनिटे लागतात, नव्या शाळेत एकोणीस लागतील.

आर्डिस मोठ्याने हसली. "बावन्न? अहो, मी बर्फातसुद्धा चाळिसात पोचवायचे."

"हे संगणकाने काढलंय, मिसेस व्होल्कर," निस्ट्रम नम्रपणे म्हणाले.

"मग संगणकाला माझ्या बसमध्ये बसवा."

सगळे हसले. पण घरी आल्यावर तिला वाटले, नुसते बोलून काय उपयोग? आकडा खोटा असेल तर तो घड्याळ लावून खोटा पाडायला हवा. तिने नऊ नंबरच्या आताच्या चालक बाईला, टॅमीला फोन केला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती थर्मास घेऊन गॅरेजवर हजर झाली. चालकाच्या जागेवर दुसरी कोणी बसलेली आणि आपण मागे, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

"सवयीने ब्रेक दाबू नका हं," टॅमी म्हणाली.

पहिला थांबा एका मोठ्या डेअरीच्या फाटकाशी होता. आर्डिसच्या वेळी तिथे गवताचे रान होते. फाटकाशी सहा वर्षांची एक मुलगी एकटी उभी होती. मागे गोठ्यांचे दिवे लागलेले, आणि दुरून तिच्या आईने हात हलवला आणि ती लगेच आत गेली. आर्डिसने घड्याळ पाहिले. सहा वाजून अडतीस मिनिटे.

मुलगी दाराजवळच्या पहिल्या बाकावर, आर्डिसच्या शेजारी येऊन बसली. तिचे नाव यारेत्झी.

"तुम्ही तर म्हाताऱ्या आहात," तिने थोडा वेळ निरखून विचारले. "अजून शाळेत जाता?"

"नापास झाले ना सारखी," आर्डिस म्हणाली.

यारेत्झीला ते पटले. मग तिने आपला कार्यक्रम सांगितला. "मी दोन झोपा काढते. एक लांब, एक छोटी. छोटी पुलावर संपते."

आणि ती खरोखरच झोपली. डोके आधी खिडकीवर, मग आर्डिसच्या कोटावर. बस एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर जात राहिली. पूर्वी घरे एकमेकांना धरून होती. आता जुनी छोटी शेते विकली गेली होती आणि घरे उरली होती ती मोठ्या डेअऱ्यांच्या टोकांना.

गिरणीच्या कोपऱ्यावर बस भरली. तिथे आर्डिसचा हात आपोआप मनगटाकडे गेला आणि तिथेच ती चपापली. एकतीस वर्षे ती याच कोपऱ्यावर घड्याळ पाहत आली होती. सगळेच चालक पाहत. गाडी भरली की फेरी सुरू झाली, असा त्यांचा हिशोब. तिची चाळीस मिनिटे इथून पुढची होती. त्याआधी जी मुले चढून बसलेली असत, त्यांचा वेळ तिच्या वहीत कधी आलाच नव्हता. आज कोपऱ्यावर सात वाजून अकरा झाले होते.

पुढे रूळ आले. नियमाप्रमाणे टॅमीने बस थांबवली, दार उघडले, हात वर केला. सगळी मुले एकदम गप्प झाली, आगगाडीची चाहूल ऐकायला. आर्डिसला आपल्या नोकरीतला हा क्षण सगळ्यात प्रिय होता. पन्नास पोरांचा गोंगाट एका हातासरशी थांबायचा आणि रानातली शांतता आत यायची. निवृत्तीच्या समारंभात ती याच शांततेवर चार वाक्ये बोलली होती. पण चालकाच्या जागेवर हीटर असतो. दाराजवळच्या बाकावर तिला आज पहिल्यांदा कळले की दारातून शांततेबरोबर वाराही येतो. यारेत्झी दचकून उठली आणि तिने दोन्ही हात आर्डिसच्या बाहीत खुपसले.

"ही लांबवाली संपली," ती म्हणाली. "आता छोटी."

बस शाळेत पोचली तेव्हा सात एक्कावन्न झाले होते. घंटा एक मिनिट आधीच होऊन गेली होती. त्र्याहत्तर मिनिटे. संगणकाने उलट सवलतच दिली होती.

आर्डिसने हे कोणालाच सांगितले नाही. त्या शुक्रवारी बर्नाडीनने विचारले, "मग? पाडलास का त्याचा आकडा?"

"आकडा चुकीचा आहे," आर्डिस म्हणाली. ते खरे होते, आणि बर्नाडीन खुशीत म्हणाली, "मला ठाऊकच होतं." आर्डिसला मासे गेले नाहीत.

मतदानाची सभा नोव्हेंबरात, संध्याकाळी साडेसहाला, रिव्हर रोडच्याच जेवणघरात भरली. मुलांच्या बुटक्या बाकांवर गावातली मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अध्यक्ष ड्वेन पेल्की यांनी अंडी उकडताना लावतात ते घड्याळ टेबलावर ठेवले. प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि आधी नाव आणि पत्ता सांगायचा, अशी रीत.

एकामागून एक लोक उठले. ऑर्गनवाला म्हणाला, "माझ्या आजोबांनी या विटा वाहिल्यात." एक म्हातारे गृहस्थ नाव-पत्ता सांगून नुसतेच उभे राहिले, डोळे पुसले आणि बसले. त्यांनाही टाळ्या पडल्या. बर्नाडीन एप्रनसकट उठली. "बर्नाडीन झॅस्ट्रो, दोनशे चार, मेपल स्ट्रीट. मी जास्त बोलत नाही." कोणीतरी मागून म्हणाले, "केव्हापासून?" "गप रे, तुला मी दोनदा वाढायची," ती म्हणाली, आणि मग तीन मिनिटे असे बोलली की घड्याळ वाजले ते कोणाला ऐकूही आले नाही.

आर्डिसने जेवणघरभर नजर फिरवली. प्रत्येक चेहरा तिचा होता. पण तिचे लक्ष सारखे पत्त्यांकडे जात होते. मेपल स्ट्रीट, रिव्हर रोड, चर्च स्ट्रीट, मिल लेन. बावीस जण बोलले. रिजचा पत्ता एकाचाही नव्हता. साडेसहा म्हणजे संध्याकाळच्या दुधाची वेळ. रिजवरचे आईबाप या घटकेला गोठ्यात होते.

मते नावाच्या क्रमाने घेतली जात. व्होल्कर शेवटची. तिच्यापर्यंत येता येता तीन विरुद्ध तीन झाले.

"आर्डिस?" ड्वेन म्हणाले.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "पत्ता सांगते, पण माझा नाही. रिजवरची डेअरी, फाटकाचा थांबा. तिथली मुलगी सहा अडतीसला बसमध्ये चढते. शाळेत येते सात एक्कावन्नला. मी तिच्याशेजारी बसून पाहिलंय. मी एकतीस वर्षं चुकीचं घड्याळ लावत होते." ती थांबली. बर्नाडीनकडे पाहायचे तिने टाळले. "मी तुमच्या दारात येऊन शब्द दिला होता. तो मी मोडतेय. माझं मत रेघ हलवण्याच्या बाजूने."

आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरे वाटले असते. लोक उठले, बाक नेहमीप्रमाणे नीट लावले आणि गेले. बर्नाडीन स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

पुढच्या शुक्रवारी आर्डिस क्लबात एकटीच बसली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गेली नाही. हिवाळाभर पायरीवर भांडे आले नाही, आणि पशुवैद्य दिसला तरी ती बाकाचा विनोद करेनाशी झाली. रिजची मुले सप्टेंबरात नव्या शाळेत गेली आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये रिव्हर रोडला कुलूप लागले. शेवटच्या दिवशी आर्डिस रस्त्याच्या या बाजूला, माहेरच्या घराच्या कुंपणाशी उभी राहिली. आता तिथे दुसरेच लोक राहत होते. त्यांनी तिला खुर्ची आणून दिली. आतून खुंट्या काढल्याचे ठोके ऐकू येत होते. ती शेवटपर्यंत बसली.

बर्नाडीनला नव्या शाळेच्या स्वयंपाकघरात घेतले गेले. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ती आर्डिसच्या दारात येऊन उभी राहिली, गाडी चालूच ठेवून.

"तुझी ती रिजची पोरं," तिने सुरुवातच तिथून केली. "राक्षस आहेत. एकेक जण तीन तीन धिरडी खातो. वर सिरप."

आर्डिसने दार पूर्ण उघडले.

"तिकडे रिव्हर रोडला ती यायची तेव्हा घंटेआधीची न्याहारी बंद झालेली असायची. मी दारात उभी राहून एकेकाच्या हातात बिस्किटाचं पाकीट द्यायचे. रोज." बर्नाडीनने गाडीकडे पाहिले. "कितीतरी वर्षं, आर्डिस. मला दिसत होतं. उशीर का होतो, हे मी एकदाही विचारलं नाही."

"मीही नाही," आर्डिस म्हणाली.

"मी तुला माफ केलेलं नाही, कळलं ना? माझी शाळा होती ती."

"माझीपण."

"मग कोट घाल. मासे संपतात सातपर्यंत."