तिच्या अहवालात मी घातलेले शब्द

आमच्या समाजकार्य महाविद्यालयात एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाचा अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. बहुतेक मुलं मराठीतून शिकून आलेली. विषय तोंडी विचारा, धडाधडा सांगतील. लिहायला बसली की चार शब्दांपुढे गाडी सरकत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तास संपल्यावर इंग्रजी शब्दांचा एक जादा वर्ग सुरू केला.

त्या वर्गात ती होती. तिशी ओलांडलेली, जाम गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायला आलेली. अहवालाचा विषय तिच्याच गावातला होता: शाळेच्या वेळेची एसटी बंद झाली आणि दहावीनंतर मुलींचं शिक्षण थांबलं. ती प्रत्येक घरी गेली होती, मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलली होती. पण पहिल्या मसुद्यात एकच वाक्य उलटंसुलटं करून लिहिलेलं: बस स्टॉप्ड, सो गर्ल्स स्टॉप्ड.

मी तिला शब्द दिले. ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स’, ‘मे बी वन ऑफ द फॅक्टर्स’. अभ्यासाच्या भाषेत छातीठोक बोलायचं नसतं, हेही समजावलं. ती वहीत उतरवून घेत होती. मध्येच थांबली.

“मॅडम, मी घरोघरी गेली. सवताच्या कानानं आयकलं. मंग ‘मे बी’ काऊन लिहू?”

विद्यापीठाला असंच लागतं, सवय होईल, असं म्हणून मी विषय संपवला. प्रश्न बरोबर होता हे मला तेव्हाच कळलं होतं. पण टेबलावर आणखी सहा जणांचे कागद पडले होते.

तिने जीव तोडून मेहनत केली. महिन्याभरात तिचं लिखाण ओळखू येईना. मी त्यातलं एक पान इतरांना नमुना म्हणून दाखवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. विभागाने मलाही बसायला सांगितलं होतं. त्यांनी अहवाल चाळला आणि इंग्रजीत विचारलं, बस बंद झाल्यामुळे शिक्षण थांबलं की नाही, तुमचं नक्की म्हणणं काय? तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाठ केल्यासारखं हळूच म्हणाली, “इट मे बी, सर.”

त्यांनी पुढची दोन पानं उलटली. तिथेही तेच ‘मे बी’. या वेळी त्यांनी मराठीत विचारलं, “तुम्ही गावात गेलात तरी होतात का?”

मराठीत विचारल्यावर ती एकेका घराची हकिकत सांगू शकली असती. पण हातातल्या रुमालाची ती नुसती घडी करत राहिली. ते शब्द माझे आहेत, हिचा मसुदा वेगळा होता, एवढं सांगायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि गप्प बसले.

ती जेमतेम पास झाली. निकालानंतर अहवालाची प्रत न्यायला आली, तेव्हा मी तिला म्हटलं, माझं चुकलं, तुला नको ते शब्द लिहायला लावले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“शिकवलं त्याचं काई नाई, मॅडम. पण तिथं तुमी बोलाले पायजे होतं.”

तिने प्रत पिशवीत टाकली, नमस्कार केला आणि गेली.

वर्ग अजून चालतो. आता मी शब्द सांगण्याआधी विचारते, हे तुला कसं कळलं? डोळ्यांनी पाहिलंस, कुणी सांगितलं, की तुझा अंदाज आहे? त्यावरून कोणता शब्द घ्यायचा ते आम्ही मिळून ठरवतो. मुलांना हे पटकन समजतं.

ती पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देणार होती. तिने फॉर्मच भरला नाही, असं तिच्या वर्गमैत्रिणीकडून कळलं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून फोन केलेला नाही.